मूठ आणि फटका

परवा उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना घेऊन माथेरानला गेलो होतो. आमचे घर कर्जतला, म्हणजे माथेरान आमच्या डोक्यावरच. पण डोक्यावर जे असते त्याच्याकडे आपण क्वचितच मान वर करून पाहतो. नेरळहून वर गेलो, मोटार दस्तुरी नाक्यावर सोडली आणि तांबड्या मातीच्या वाटेने, बसत-उठत, बाजारापर्यंत पोचलो. वडील आता ऐंशीच्या घरात आले. चढावर त्यांना आधार हवा होता, म्हणून काठ्यांच्या एका दुकानापुढे थांबलो.

मी आपला नक्षीदार मुठीची एक काठी उचलून भाव विचारू लागलो. दुकानदार हसून म्हणाला, "साहेब, नक्षी मागनं बघा. आधी बाबांच्या हातात द्या." वडिलांनी ती धरली. मूठ इतकी जाड, की बोटे पुरी वळेनात. दुसरी दिली. ती बारीक होती, हातातून फिरत होती. ती घट्ट आवळून चार पावले चालले आणि म्हणाले, "बोटं दुखली रे." तिसरी हातात दिली, तर काहीच बोलले नाहीत. सरळ चालू लागले! दुकानदार म्हणाला, "हीच घ्या. जी धरलीय ह्याचा इसर पडतो, ती काठी चांगली."

मी महाविद्यालयात शिकवतो. पण मुठीसंबंधी इतके नेमके वाक्य माझ्या वाचनात आलेले नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. फरक एवढाच, की वडिलांची काठी टेकण्याची होती आणि आज मी बोलणार आहे ते मारण्याच्या काठीविषयी. मुठीची जाडी दोन-तीन मिलिमीटरांनी बदलली तर फटका का बदलतो, हे आपण पाहू. त्यासाठी मी उदाहरण घेतो गोल्फचे. कारण या खेळात मुठीचा विचार जितका बारकाईने झाला आहे तितका फार थोड्या खेळांत झाला असेल.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, "अहो, गोल्फ हा साहेबलोकांचा खेळ, आम्हांला त्याचे काय?" शंका रास्त आहे. पण ज्याने विटीदांडू खेळला आहे त्याला गोल्फ समजायला दोन मिनिटे पुरतात. विटीऐवजी लिंबाएवढा चेंडू. वजन जास्तीत जास्त ४६ ग्रॅम. दांडूऐवजी लांब, लवचिक काठी. तिला खाली धातूचे किंवा तशाच कठीण पदार्थाचे डोके. शेदीडशे ते पाचशे मीटरांवर जमिनीत एक वाटोळी गल, म्हणजे भोक. त्याचा व्यास १०८ मिलिमीटर. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या गलीत घालायचा आणि पुढच्या गलीकडे निघायचे. अशा अठरा गली झाल्या की डाव पुरा. खेळाडूने बरोबर जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगाव्यात असा नियम आहे. लांब पल्ल्याची वेगळी, जवळची वेगळी, आणि हिरवळीवर चेंडू हलकेच गलीत ढकलण्याची आणखी वेगळी. या शेवटच्या काठीला पटर म्हणतात.

हा खेळ आपल्या देशात काल-परवा आलेला नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे, आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईत चेंबूरचे मैदान १९२७ सालचे. तेथील खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारी मुले, म्हणजे कॅडी, आसपासच्या वस्त्यांतून येत. दिवसभर दुसऱ्याचा खेळ पाहायचा आणि संध्याकाळी आपल्या गल्लीत तोच खेळ मांडायचा, असे त्यांनी सुरू केले. बांधकामाची लोखंडी सळी वाकवून काठी केली, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, आणि घरांच्या बोळांतून गोल्फ सुरू झाला! दिल्लीचे अली शेर असेच कॅडींच्या वर्गातून पुढे आले आणि १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. पुण्याचे उदयन माने २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हाच खेळ खेळले. तेव्हा खेळ साहेबांचा असला तरी हात आपलेही आहेत.

त्या चेंबूरच्या सळीचाच विचार करा. बोटभरही जाड नसलेली उघडी सळी हातात घेऊन जोराने मारले तर काय होईल? सळी तळहातात फिरेल. तिला चिंधी म्हणा, रबराची नळी म्हणा, काहीतरी चढवावेच लागते. का चढवावे लागते? या साध्या प्रश्नातच आपल्या विषयाचे मूळ आहे.

दोन मुठींचे स्क्रू-ड्रायव्हर घ्या. एकाची मूठ पेन्सिलीएवढी, दुसऱ्याची चांगली मुठीत भरणारी. घट्ट बसलेला स्क्रू कोणत्याने लवकर फिरेल? लहान पोरही सांगेल, जाड मुठीच्या. हात जेवढा आवळतो तेवढाच आवळला तरी मध्यापासून हाताचे अंतर जितके जास्त, तितका पिळण्याचा जोर जास्त. हे झाले आपण मूठ फिरवतो तेव्हाचे. याच्या उलट, वस्तू आपल्या हातात फिरू पाहते तेव्हाही हिशेब हाच. बारीक मूठ फिरू नये म्हणून हाताला जास्त आवळावे लागते. जाड मूठ कमी आवळूनही स्थिर राहते. म्हणूनच सांधेदुखीने ज्यांची बोटे धरली आहेत अशा वयस्क गोल्फपटूंना जरा जाड मूठ वापरायला सांगतात.

मग सरसकट जाडच मूठ का करू नये? कारण हाताला नुसते धरायचे नसते, फिरायचेही असते. आता घरबसल्या एक प्रयोग करा. एखादी लेखणी किंवा लाटणे बोटांच्या पेरांत धरा आणि मनगट वर-खाली हलवा. मनगट किती सैल चालते पाहा. आता तीच वस्तू बोटांतून काढून पार तळहाताच्या मध्यावर आवळून धरा आणि तसेच हलवा. मनगट अडखळते. बारीक मूठ बोटांत बसते, जाड मूठ तळहाताकडे सरकते. जाडी वाढली की पकड स्थिर होते, पण मनगटाची मोकळीक कमी होते. जाडी कमी झाली की मनगट मोकळे होते, पण पकडीला जास्त आवळावे लागते. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून योग्य मूठ म्हणजे या दोहोंमधला त्या त्या हाताचा समझोता.

आता गोल्फच्या फटक्याकडे या. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू डावा खांदा लक्ष्याकडे करून उभा राहतो. काठी मागे खांद्यावर जाते, तेथून खाली येते, आणि खाली येताना दोन्ही मनगटे आणि हात वळत वळत काठीचे तोंड चेंडूसमोर चौकोनी आणून ठेवतात. हे वळणे वेळेवर झाले तर चेंडू सरळ. जरा अगोदर झाले तर तोंड मिटते आणि चेंडू डावीकडे जातो. जरा उशिरा झाले तर तोंड उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे जातो. डावीकडे वळत जाणाऱ्या फटक्याला हुक आणि उजवीकडे वळत जाणाऱ्याला स्लाइस म्हणतात.

गोल्फ शिकवणाऱ्यांचा जुना आडाखा असा, की मूठ हाताला फार बारीक असली तर मनगटे जास्त चळवळी होतात, तोंड लवकर मिटते आणि चेंडू डावीकडे जातो. फार जाड असली तर मनगटे आळसावतात, तोंड उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे पळतो. शिवाय मनगटाचा झटका कमी मिळाल्यामुळे पल्लाही थोडा घटू शकतो. डावखुऱ्याने हे सगळे उलटे समजावे.

कोणी विचारील, एवढ्या-तेवढ्या फरकाने काय होते? हिशेब करून पाहा. शिक्षकांनी फळ्यावर मांडावा असाच तो आहे. दोनशे मीटरांचा फटका आहे आणि चेंडू सुटताना त्याची दिशा एकच अंश चुकली, तर दोनशे मीटरांवर तो साडेतीन मीटर बाजूला जातो. तीन अंश चुकली तर साडेदहा मीटर. म्हणजे शाळेची एक खोली ओलांडून पलीकडे! आणि चेंडू सुटतो ती दिशा बहुतांशी काठीच्या तोंडाने ठरते. त्यात त्याला फिरकी मिळाली तर तो हवेत आणखी वळतो, ते वेगळेच.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटते, की चेंडू लागतो त्या क्षणी मूठ घट्ट आवळून आपण काठी सावरतो. तसे होत नाही. चांगल्या खेळाडूच्या लांब काठीचे डोके ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, आणि चेंडू त्याला चिकटून असतो तो केवळ एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरता. हाताला धक्का कळून, मेंदूपर्यंत वर्दी जाऊन, हुकूम परत हाताशी येईपर्यंत सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा तरी जातो. तोवर चेंडू सुटून कितीतरी मीटर पुढे गेलेला असतो. हातात जो ठणका जाणवतो ती गेलेल्या गाडीची शिट्टी! तेव्हा मुठीचे जे काही काम असते ते चेंडू लागण्यापूर्वीचे. खाली येताना काठी किती मोकळी आली, किती वळली आणि हाताने किती आवळली, यात ते संपलेले असते.

मुठीची मापे तरी किती जवळजवळची असतात पाहा. गोल्फच्या काठीची मूठ वरून खाली निमुळती असते, म्हणून वरच्या टोकापासून पाच सेंटिमीटरवर तिचा व्यास मोजतात. पुरुषांची नेहमीची मूठ तेथे सुमारे २३ मिलिमीटर, त्याहून थोडी मोठी साडेचोवीस आणि जाड मूठ २६ मिलिमीटर. म्हणजे नेहमीची आणि जाड यांत फरक सारा तीनच मिलिमीटरांचा. एका गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढा म्हणा ना! मधली मापे साधण्यासाठी कारागीर रबरी मुठीखाली चिकटपट्टीचे वेढे घालतो. एका वेढ्याने व्यास सुमारे ०.४ मिलिमीटर वाढतो. एवढासा वेढा, पण सरावलेल्या हाताला तो लगेच कळतो. ज्याने आपल्या आवडत्या कोयत्याची मूठ बदलली आहे त्याला हे पटवून देण्याची गरज नाही.

माप बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची गोल्फवाल्यांची रीत सोपी आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने वर असणाऱ्या डाव्या हातात मूठ नेहमीसारखी धरावी. मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या गादीला हलकेच टेकली तर मूठ बरोबर. टोके गादीत रुतली तर मूठ बारीक. टोके आणि गादी यांत फट राहिली तर मूठ जाड. पंजा केवढा मोठा हे नुसते पाहून चालत नाही, बोटांची लांबी पाहावी लागते. रुंद पंजा आणि आखूड बोटे असलेल्या माणसाला जाड मूठ दिली तर तो फसतो.

हा सगळा आडाखा मी तुमच्यापुढे ठेवला, पण तो न्यूटनचा नियम समजू नका. मूठ जाड केली आणि तरी चेंडू डावीकडेच जातो, असेही खेळाडू असतात. कोणाचे हात सैल, कोणाचे ताठ, कोणी मूठ बदलली की न कळत आवळणेही बदलतो. २०२० साली अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणारा ब्रायसन डीशॅम्बो साऱ्या काठ्यांना कमालीच्या जाड मुठी लावतो आणि तरी त्याचे फटके भल्याभल्यांपेक्षा दूर जातात! टेनिसच्या रॅकेटविषयीही अशीच समजूत होती, की मूठ चुकीची असली की कोपर दुखू लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मुठीचे माप पाव इंचाने कमी-अधिक करून खेळाडूंच्या हाताच्या स्नायूंचे काम मोजले, तर फारसा फरक आढळला नाही. तेव्हा हिशेब असा मांडावा. मूठ हाताला वळण लावते, हुकूम देत नाही. शेवटचा निकाल त्या माणसाच्या हाताने, त्या मुठीने, दहा-वीस फटके मारून पाहण्यातच लागतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जाड मूठ बहुधा जडही असते. हाताशी वजन वाढले की खालचे डोके हलके वाटू लागते आणि फटक्याची लय बदलते. फरक जाडीचा वाटतो, पण असतो काही अंशी वजनाचा. दुसरी गोष्ट, रबर उन्हाने, घामाने आणि काळाने कठीण व गुळगुळीत होते. गुळगुळीत मूठ निसटू नये म्हणून जास्त आवळावी लागते, म्हणजे बारीक मुठीचाच दोष तिच्यात येतो. आपल्या कोकणातल्या दमट हवेत तर हे फार लवकर कळते. मुठीचे माप बरोबर आणि ती जुनी, तर अर्धे काम फुकट.

पटरचा न्याय मात्र निराळा. तेथे लांब मारायचे नसते, दोन-चार मीटर अंतर सरळ लोटायचे असते. मनगटाची मोकळीक तेथे उपयोगाची नाही, उलट नडते. घाबरलेल्या हाताचे मनगट नेमके शेवटच्या क्षणी थरथरते. म्हणून पुष्कळ खेळाडू पटरला मुद्दाम जाड मूठ लावतात, म्हणजे मनगट गप्प राहते आणि खांदे काम करतात. एकच माणूस, तोच हात. पण काम बदलले की मूठ बदलली. हे सूत्र गोल्फपेक्षा मोठे आहे.

आता गोल्फ सोडून आपल्या शाळेच्या मैदानावर येतो, आणि एक कबुलीही देतो.

महाविद्यालयात लागण्यापूर्वी दोन वर्षे मी खालापूर तालुक्यातील एका शाळेत शिकवत होतो. खेळाचा तासही माझ्याकडेच होता. शाळेत बॅटी दोन. एकीची फळी फुटलेली, म्हणून सारा वर्ग दुसरीवर. आठवीत एक मुलगा होता, अंगाने किरकोळ, हात लहान, पण नजर तीक्ष्ण. चेंडू त्याला बरोबर दिसे, पाय बरोबर पडे आणि फटका मात्र उजवीकडे उडून पॉइंटच्या हातात जाई. पुन्हा पुन्हा तेच. एके दिवशी मी सर्वांसमोर म्हणालो, "अरे, तुझ्या मनगटात जीवच नाही. तू गोळ्या खेळ." पोरे हसली. तोही हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर येईनासा झाला.

पुढच्या वर्षी त्या बॅटच्या मुठीवरचे रबर फाटले, म्हणून मी ते सोलून काढायला बसलो. आत दुसरे रबर निघाले. त्याच्या आत तिसरे. त्याखाली कापडी पट्टीचे वेढे, आणि मग कुठे आतला वेत व त्यावरचा दोरा! कोणीतरी मोठ्या हाताच्या माणसाने आपल्या हाताजोगी केलेली बॅट शाळेला मिळालेली होती. वेस्ट इंडीजचा क्लाइव्ह लॉइड आपल्या बॅटीवर अशीच एकावर एक रबरे चढवीत असे. पण लॉइडचा पंजा केवढा आणि आठवीतल्या त्या पोराचा केवढा! रबराचे एक वेष्टन दीड-दोन मिलिमीटर जाड धरले तर व्यासात तीन-चार मिलिमीटर वाढतात. अशी तीन. त्या मुलाची बोटे मुठीभोवती पुरतच नव्हती, मग मनगट वळणार कसे आणि बॅटचे तोंड मिटणार कसे?

त्या मुलाला बोलावून घ्यावे असे मनात आले. पण तोवर तो आई-वडिलांबरोबर वीटभट्टीच्या कामावर गेला होता आणि परत शाळेत आला नाही. तो मोठा खेळाडू झाला असता असे मी म्हणत नाही. बॅटमुळे त्याने शाळा सोडली असेही नाही, घरची कारणे होती. पण दोष मुठीत होता आणि ठपका मी त्याच्या मनगटावर ठेवला, एवढे खरे. तीन रबरे सोलायला मला दहा मिनिटे लागली. ती दहा मिनिटे मी एक वर्ष आधी काढायला हवी होती.

आणि ही गोष्ट केवळ मैदानाची नाही. आमच्या कर्जतला भाताच्या संशोधनाचे काम १९१९ सालापासून चालू आहे. भाताचे नवे वाण तेथून निघाले, शेतात रुजले. पण भात कापतो कोण? शेतावर पाहा, ओणव्याने कापणाऱ्यांत बायकाच जास्त. आणि विळा? घरात असेल तो, बहुधा पुरुषाच्या हाताच्या मापाचा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दातेरी पात्याचा हलका 'वैभव' विळा काढला, त्याने कापणी पुष्कळ सोपी झाली. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकाराने देशभरातल्या शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापे घेण्यात आली आणि २००९ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात हाताचीही मापे आहेत. हेतू हा, की अवजार माणसाच्या मापाने घडावे. बायकांचा पंजा सरासरीने लहान, म्हणून त्यांच्या अवजाराची मूठही त्या मापाची हवी. संध्याकाळी "हात भरून आले" म्हणून कोपर चोळत बसणाऱ्या आईकडे पाहून आपण वयाला दोष देतो. एकदा विळ्याच्या मुठीकडेही पाहावे.

नुसते घट्ट धरून काम करायच्या अवजाराला मूठ किती जाड असावी, याचा एक ढोबळ अंदाज अभ्यासकांनी दिला आहे. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजावी. तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका मुठीचा व्यास सोयीचा पडतो. हात अठरा सेंटिमीटर असेल तर मूठ साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. गोल्फची मूठ याहून बारीक असते ती का, हे आता तुम्हीच सांगाल. तेथे नुसते धरायचे नसते, मनगट फिरवायचे असते.

शिक्षकमित्रांनो, तुमच्या वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. खर्च काही नाही. घरातले कपडे धुण्याचे धोपाटणे आणा. त्याला एका बाजूला सपाट फळी असते आणि मूठ गोल असते, म्हणजे आपल्या कामाला अगदी योग्य. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा. भिंतीवर खडूने एक उभी रेघ काढा. पाच-सहा पावलांवर एक रबरी चेंडू ठेवा आणि मुलाला रेघेवर नेम धरून दहा फटके मारू द्या. डावीकडे किती गेले, उजवीकडे किती, जवळ किती, हे दुसऱ्या मुलाने वहीत लिहावे. मग मुठीला पट्टीचा एक थर गुंडाळून पुन्हा दहा, दुसरा थर देऊन पुन्हा दहा. दर वेळी मुठीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागून व्यास काढावा. घेर ७२ मिलिमीटर आला तर व्यास किती? तेवीस. म्हणजे गोल्फची नेहमीची मूठ!

एक पथ्य मात्र पाळा. सर्व मुलांना एकाच क्रमाने मुठी देऊ नका. कोणी जाडीपासून सुरुवात करावी, कोणी बारकीपासून. नाहीतर शेवटच्या दहा फटक्यांत हात थकलेला असतो, किंवा उलट सरावलेला असतो, आणि त्याचे श्रेय किंवा दोष आपण मुठीला देतो. आणि मोजण्यापूर्वी मुलाला विचारा, "कोणती बरी वाटली?" त्याचे उत्तर आणि वहीतले आकडे जुळतात का ते पाहा. एका वर्गात सगळ्यांना एकच मूठ चांगली ठरली, असे बहुधा होणार नाही. तसे झाले नाही तर प्रयोग फसला असे समजू नका. हातागणिक मूठ वेगळी, हेच तर शिकायचे होते.

शाळेत चार बॅटी घेणे परवडत नसेल, हे मी जाणतो. पण एका बॅटीवरचे जास्तीचे रबर काढता येते. लहान मुलांसाठी बारीक मुठीचा एक दांडू सुताराकडून तासून घेता येतो. विळ्याची मूठ कानशीने घासून कमी करता येते, किंवा कापडाची पट्टी गुंडाळून वाढवता येते. हे सारे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. गोल्फचा कारागीर चिकटपट्टीच्या एका वेढ्याचा विचार करतो. आपण निदान बोटांची टोके कुठे टेकतात एवढे तरी पाहू या.

वडिलांची ती माथेरानची काठी आता आमच्या दाराशी उभी असते. रोज संध्याकाळी ती घेऊन ते स्टेशनपर्यंत फिरून येतात. मागे मी विचारले, "बाबा, काठी कशी आहे?" तर म्हणाले, "कुठली काठी?" तेव्हा कुठे मला त्या दुकानदाराचे म्हणणे पुरते समजले.

म्हणून श्रोतेहो, उद्या तुमच्या मुलाचा फटका चुकला, सुनेचा हात दुखला, की हाताला बोल लावण्यापूर्वी एकदा मूठ पाहा. हात बदलता येत नाही. मूठ बदलता येते.